व्यंजनं विरघळतात, स्वर उरतात

गेल्या अंकात मी या सदराच्या वाचकांना एक काम सांगितलं होतं. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या स्लोडाइव्ह या बँडचा १९९३ सालचा 'सुवलाकी' हा अल्बम महिनाभर ऐका, आवडो न आवडो, आणि काय वाटलं ते कळवा. दहा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. पत्रं भरपूर आली. काहींनी चांगलंच रागावून लिहिलंय आणि ती पत्रं मी आधी वाचली, कारण इतकं रागवायचं तर माणसाला आधी नीट ऐकावं लागतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तिथे त्यातलं एक पत्र घेतलंय. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

ताई, मी जन्मभर भावगीतं ऐकत आलो. शब्दाला उचलून धरते ती चाल, अशी माझी समजूत. तुम्ही सांगितलंत म्हणून हा अल्बम चार वेळा ऐकला. इंग्रजी मला परकं नाही, नोकरीतली पस्तीस वर्षं त्याच भाषेत लिहिण्या-बोलण्यात गेली. तरीही सलग दोन ओळी कळल्या नाहीत. गाणारा पुटपुटतोय आणि वाद्यं त्याच्या अंगावर धावून जातायत. ध्वनिमुद्रण करणाऱ्याची ही सरळसरळ चूक नाही का?

काका, हाच प्रश्न मला पडला होता, आणि मी तर ध्वनिमुद्रणाच्याच धंद्यातली. उमेदवारीच्या काळात माझ्या वरिष्ठांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती: शब्द आधी. मिक्स करताना गाणाऱ्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, वर, बाकीचे त्याच्या बेतानं. शब्द बुडाला की काम फेल. एका सहकाऱ्यानं मला हा अल्बम कॅसेटवर उतरवून दिला तेव्हा तो नियम माझ्या हाडीमाशी मुरलेला होता. कॅसेट लावली आणि मला खात्रीच पटली की प्लेअरचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, सरकलंय. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की हेडचा कोन बदलतो आणि दबलेला वरच्या पट्टीतला आवाज उघडतो. पहिलं गाणं, 'अ‍ॅलिसन', लावून मी घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरनं अर्धा तास तो स्क्रू फिरवत बसले. झांजा उघडल्या. गिटारची तार लखलखायला लागली. गाणाऱ्याचा आवाज होता तिथेच राहिला, मागे. पुढे सीडी मिळाली, तिच्यातही तो तिथेच होता. तेव्हा मला मान्य करावं लागलं की हा आवाज कुणीतरी विचार करून तिथे ठेवलाय.

तिथे म्हणजे कुठे? तुम्हाला तो पुटपुटतोय असं वाटलं ते अगदी बरोबर आहे. आता एक करून बघा. मोठ्या रिकाम्या दालनात किंवा घुमटाखाली उभं राहून 'कट' म्हणा आणि मग 'आ' म्हणा. 'क' आणि 'ट' हे सेकंदाच्या काही शतांशांचे स्फोट. ते ओळखू यायला त्यांच्या आधी टिचभर शांतता लागते. दालन घुमत असेल तर आधीच्या आवाजाची शेपटी त्या शांततेत भरून राहते आणि स्फोट तिच्यात हरवतो. 'स', 'श' यांचा जोर फार वरच्या कंपनांत असतो आणि लांबून येणाऱ्या आवाजात आधी तीच कंपनं झिजतात. 'आ'ला मात्र काही होत नाही, उलट तो फुलतो. घुमणाऱ्या जागेत व्यंजनं विरघळतात आणि स्वर उरतात. आपल्या भाषेत अक्षरातला स्वर आणि गाण्यातला स्वर यांना एकच शब्द आहे. या अल्बमसाठी याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

नील हॉलस्टेड आणि रेचल गॉसवेल हे बँडचे दोन गायक, दोघंही यात असे गातात की त्यांचा स्वर गिटारच्या स्वरात मिसळावा. दुसरं गाणं 'मशीन गन' काढा. सुरुवातीचा उंच, पातळ आवाज रेचलचा. पहिल्या ऐकण्यात तो बाई गातेय की वाद्य वाजतंय हे ठरवता येत नाही. मग नील येतो, खालच्या पट्टीत, आणि अचानक पायाखाली जमीन आल्यासारखं वाटतं. त्या दोघांमधलं अंतर हाच त्या गाण्याचा आशय आहे आणि तो ओळी न कळताही पोचतो.

तुम्ही ख्यालही ऐकत असणार. आकारातली आलापी चालू असताना आपण शब्द मागत नाही. तंबोऱ्याला तर कुणी कधी विचारलं नाही की बाबा, तुझे शब्द काय. फरक एवढाच की तिथे गळा पुढे आणि तंबोरा मागे असतो. इथे गळाच तंबोऱ्याच्या शेजारी जाऊन बसलाय. ही बैठक तुम्हाला रुचेलच असं मी म्हणणार नाही. पण पाचव्यांदा ऐकाल तेव्हा ओळी शोधू नका, फक्त गाणारा कुठे उभा आहे ते शोधा. मग पुन्हा लिहा. मी वाट बघतेय.

ताई, मी दोन वर्षांपासून गिटार शिकतोय. 'व्हेन द सन हिट्स'च्या कॉर्ड्स शोधल्या, सोप्या निघाल्या. पण मी वाजवलं की सगळं कोरडं वाटतं. त्यांच्या गिटारमधून तो धुक्यासारखा आवाज कसा येतो? ती खरंच गिटारच आहे ना?

गिटारच आहे. पण तू तारेकडे बघतोयस, ते लोक पायाकडे बघायचे. रंगमंचावर मान खाली घालून पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाखालची यंत्रं, बदलत राहणाऱ्या या मुलांना इंग्लंडच्या पत्रकारांनी 'शूगेझ' म्हणजे बुटांकडे नजर लावलेले म्हणून हिणवलं आणि पुढे तेच या शैलीचं नाव पडलं.

यात तीन गोष्टी आहेत. पहिली डिले: तू वाजवलेला सूर ठरावीक वेळानं परत ऐकवणारा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. डिलेचं बटण फिरवतोस तेव्हा तू ती भिंत पुढे-मागे सरकवत असतोस. दुसरी रिव्हर्ब: एका भिंतीऐवजी हजारो पृष्ठभागांवरून येणारे परतीचे आवाज, इतके दाट की वेगळे मोजता येत नाहीत. स्लोडाइव्हच्या या काळातल्या आवाजाचं नाव निघालं की यामाहाच्या एफएक्स ५०० या छोट्या यंत्राचं नाव निघतंच. त्यातली 'सॉफ्ट फोकस' नावाची तयार सेटिंग ते वापरायचे. यंत्र काही फार भारी नव्हतं. त्यातून काय काढायचं हे त्यांना कळलं होतं.

तिसरी गोष्ट क्रमाची. पुस्तकात लिहिलेलं असतं की आधी डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारं पेडल, मग रिव्हर्ब. या शैलीतले पुष्कळ वादक उलटं करतात. आधी घुमवायचं आणि मग तो घुमणारा ढग डिस्टॉर्शनमध्ये घालायचा. डिस्टॉर्शन लहान आवाजाला वर खेचतं आणि मोठ्याला दाबतं, म्हणून विरत चाललेली शेपटीसुद्धा मूळ सुराच्या बरोबरीला येऊन उभी राहते. तुझा कोरडेपणा इथेच आहे. तुझ्या वाजवण्यात तारेवर पिक लागल्याचा 'टक' ऐकू येतो, त्यांच्यात तो बुडालेला असतो. पिक हलकं धर, तारा खाली जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ न वाजवता मानेच्या बाजूला वाजव. आणि कॉर्ड बदलताना आधीची कॉर्ड विझायची वाट बघू नकोस. दोन कॉर्ड्स एकमेकींवर सांडतात तेव्हाच तो रंग येतो.

आणि हो, सहावं गाणं 'सुवलाकी स्पेस स्टेशन' रात्री दिवे मालवून एकदा फक्त बेससाठी ऐक. जमैकातल्या डब संगीतात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी डिले हेच वाद्य केलं. ती शिकवण इथे दिसते. वर गिटारचे तुकडे भिरभिरत असतात आणि खाली बेस जराही न ढळता चालत राहतो. तो बेस काढून घेतलास तर वरचं सगळं वाऱ्यावर जाईल. तुझ्या वर्गात बेस वाजवणारं कुणी असेल तर त्याला सोबत घे. एकट्या गिटारवर हा अल्बम शिकता येत नाही.

हेडफोन लावून ऐकायचा की स्पीकरवर? मोबाइलवर लावला तर नुसता खरखराट वाटतो. मित्र म्हणतो, ही गाणी फुल आवाजातच ऐकायची असतात.

मोबाइलच्या पोटातल्या स्पीकरवर हा अल्बम ऐकलात तर तुम्ही तो ऐकलेलाच नाही. त्या इवल्याशा पडद्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. बेस गेला की उरतो तो वरचा फेस, तुम्ही त्यालाच खरखराट म्हणताय. साधे तारेचे हेडफोन चालतील. शक्य असेल तर दोन स्पीकर ठेवा, तुम्ही आणि ते मिळून समान बाजूंचा त्रिकोण होईल असे. भिंतीला चिकटवू नका.

मित्राचं मात्र ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि ९० डेसिबलला तीच ४ तासांवर येते. दहाच डेसिबलनं वेळ दसपट कमी. माझ्या पेशात कानात कायमची शीळ घेऊन निवृत्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. हा अल्बम दाट आहे म्हणून मोठा वाटतो. मध्यम आवाजातही तो तुम्हाला वेढतो, ती त्याची करामत आहे.

मी वाचलं की हा अल्बम आला तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपलं होतं. आता जो तो त्याला श्रेष्ठ म्हणतोय. मग खरं कोण? मला स्वतःला तो निम्माच आवडला, 'मेलन यलो'ला तर कंटाळा आला. मोठमोठे लोक वाखाणतात म्हणून आवडून घ्यायचा का?

आवडून मुळीच घेऊ नका. तुम्ही 'निम्माच' हा शब्द वापरलात, आलेल्या सगळ्या पत्रांत तो मला सर्वांत प्रामाणिक वाटला.

झोडपलं होतं हे खरं. 'मेलडी मेकर' या साप्ताहिकाच्या समीक्षकानं लिहिलं होतं की हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा पॉरिजनं, म्हणजे ओट्सच्या लापशीनं, भरलेल्या टबात गुदमरून बुडणं पत्करेन. ब्रिटिश विक्रीच्या यादीत अल्बम ५१व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि थांबला. पण ते वर्ष बघा. एकीकडे अमेरिकेतून ग्रंज या खरखरीत रॉकचा धडाका आला होता. दुसरीकडे त्याच वर्षी स्वेड या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला होता. त्यांच्याकडे चेहरा होता, तोरा होता, मुलाखतीत छापायला वाक्यं होती. समीक्षकांना गाणाऱ्याकडून काहीतरी म्हणणं हवं होतं. अशा वेळी ही मान खाली घातलेली मुलं आली. समीक्षक बहिरे होते असं मी म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न आपल्या पहिल्या पत्रातल्या काकांचाच होता: शब्द कुठे आहेत? काकांनी निदान चार वेळा ऐकून विचारला.

त्या मुलांवर काय गुजरलं तेही सांगते. त्यांच्या क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीच्या प्रमुखांनी आधी लिहिलेली गाणी नाकारली होती, म्हणून पुन्हा मुळापासून लिहावं लागलं. त्यांनी संगीतकार आणि निर्माते ब्रायन ईनोंना निर्मितीसाठी विचारलं. ईनोंनी ते काम घेतलं नाही, पण दोन गाण्यांत त्यांचा हात आहे, 'सिंग' आणि 'हिअर शी कम्स'. पुढे १९९५ साली 'पिग्मेलियन' हा अल्बम आला आणि लगेचच कंपनीनं करार संपवला. बँड मोडला. मग १९ वर्षांनी, २०१४ साली, ते पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले तेव्हा समोर अशी पोरं होती जी १९९३ साली जन्मलीही नव्हती. २०२३ सालचा त्यांचा अल्बम ब्रिटिश यादीत सहावा आला. ५१वरून ६वर, तीस वर्षांत.

ती पोरं कुणाचं परीक्षण वाचून आली नव्हती. रात्री एकटं ऐकताना त्यांना हे भावलं आणि त्यांनी ते एकमेकांना दिलं. जुन्या समीक्षेपेक्षा मला या हस्तांतराचा भरवसा जास्त वाटतो. तरी सगळंच सारखं थोर आहे असंही नाही. 'हिअर शी कम्स' मला आजही कच्चं वाटतं. सुरू होऊन कुठेच न जाता संपतं. 'ऑलटुगेदर'बद्दल कुणी बोलत नाही, ते मात्र मला पहिल्या तिनांत घ्यावंसं वाटतं. 'मेलन यलो'मध्ये तुम्हाला कंटाळा आला तो ढोलांमुळे असावा. फार संथ आणि फार मोठे आहेत ते. मलाही ते गाणं उमगायला काही वर्षं लागली. तुम्हाला कदाचित कधीच उमगणार नाही आणि त्यात बिघडत काही नाही.

झोपताना लावतो. दहाव्या मिनिटाला झोप लागते. हा अल्बमचा अपमान आहे का?

अजिबात नाही. ईनोंनीच १९७८ साली आपल्या संगीताला 'अँबियंट' म्हटलं, ते लक्ष दिलं तरी चालावं आणि नाही दिलं तरी चालावं, याच कल्पनेनं. फक्त दहाव्या मिनिटाच्या पुढचं कधीतरी दिवसा ऐका. 'व्हेन द सन हिट्स' तुमच्या वाट्याला अजून आलेलंच नाही.

माझ्या सीडीवर १४ गाणी आहेत, बहिणीकडच्या प्रतीत १०. माझ्याकडची नकली आहे का?

नकली नाही. अमेरिकेत १९९४ साली निघालेल्या आवृत्तीत शेवटी जादा गाणी जोडली होती. मूळ ब्रिटिश अल्बम दहाचाच. तुमच्या सीडीवर दहावं गाणं संपलं की बंद करा. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

ताई, सगळा अल्बम एका रंगाचा आणि शेवटी 'डॅगर' हे साध्या गिटारवरचं गाणं. नऊ गाण्यांत बांधलेलं वातावरण ते मोडून टाकतं. मला वाटतं हे गाणं दुसऱ्या कुठल्यातरी अल्बममध्ये जायला हवं होतं. तुम्हाला काय वाटतं?

तुमचा कान चांगला आहे. वातावरण मोडतं हे शंभर टक्के खरं. पण मला या गाण्याशिवाय अल्बम नको.

थोडी पार्श्वभूमी देते. हॉलस्टेड आणि गॉसवेल लहानपणापासूनचे दोस्त, शाळेपासून सोबत गाणारे. मोठेपणी ते जोडपं झाले आणि या अल्बमच्या आधी वेगळे झाले. बँड मात्र तोच राहिला. हॉलस्टेड काही दिवस वेल्समधल्या एका घरात एकटे जाऊन राहिले आणि गाणी घेऊन परत आले. मग जिच्यापासून दुरावले तिच्याच शेजारी उभं राहून त्यांनी ती गायली. हे माहीत झाल्यावर मी अल्बम पुन्हा ऐकला, तेव्हा आवाज मागे ठेवण्याचं कारण मला तंत्राच्या पलीकडे दिसायला लागलं. काही गोष्टी माणूस समोर बसून बोलू शकत नाही. दुसऱ्या खोलीतून बोलतो, पाणी चालू असताना बोलतो.

नऊ गाणी तो दुसऱ्या खोलीत आहे. दहाव्यात दार उघडून येतो. अकूस्टिक गिटार आणि त्याचा आवाज. घुमारा आहे, पण आता तो पातळ पडद्याइतकाच. व्यंजनं परत येतात. काकांना सांगा, या गाण्यात ओळी कळतात.

माझ्या वरिष्ठांना मी हा अल्बम एकदा ऐकवला होता, तेच ते, 'शब्द आधी' म्हणणारे. नऊ गाणी ते डोळे मिटून बसले होते, काही बोलले नाहीत. मला वाटलं, झोपले. 'डॅगर' सुरू झालं तशी त्यांनी न बोलता हात पुढे केला, फेडर धरल्यासारखी बोटं टेबलावर ठेवली आणि गाणं संपेपर्यंत ती जराही हलवली नाहीत.

पुढच्या महिन्यासाठी: 'पिग्मेलियन', १९९५. यात गिटारसुद्धा निम्मी गेलेली आहे. पत्रं महिनाअखेरपर्यंत पाठवा. काका, तुमचं पाचव्या ऐकण्याचं पत्र आधी.